चित्रगुप्त ज्या बस्त्यावर बसला

चित्रगुप्त नावाचा बोका काशीतल्या ब्रह्मा घाटावरच्या टोकेकरांकडे कसा आला, ही हकिगत वेणीमाधव गुरुजी पूर्वी कुणी न विचारता सांगत. पहिल्या वर्षी ती अगदी साधी होती. माघातल्या एका दुपारी पिवळ्या रंगाचं एक पिल्लू पत्र्यावरून घसरलं आणि त्यांच्या चौकात पडलं. दुसऱ्या वर्षी त्याच्यामागे सात माकडं लागलेली होती. तिसऱ्या वर्षी माकडांच्या मागे एक सांड आला आणि पिल्लाने त्याला नुसत्या नजरेने गल्लीच्या तोंडाशी थोपवून धरलं. चौथ्या वर्षी ते मुळात पत्र्यावरून पडलेलंच नव्हतं. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या स्वतः उतरून, स्नान आटोपून, ओल्या अंगाने ते वर आलं होतं. पाचव्या वर्षापर्यंत त्याने उंबरठ्यात उजवा पाय आधी टाकला होता, देवघराला प्रदक्षिणा घातली होती आणि दारात उभ्या असलेल्या यजमानाचं गाव ऐकताच नेमक्या त्याच्याच तालुक्याच्या वह्यांच्या बस्त्यावर जाऊन बैठक मारली होती.

"पडलं ते माझ्या लोणच्याच्या बरणीवर," अंबिकाबाई आतून म्हणत. "बरणी फुटली. ते का नाही सांगत?"

बरणीचा भाग गुरुजी गाळत. आता ते सगळीच हकिगत गाळतात. कुणी आग्रह केला तर पंचांग उघडून बसतात.

गुरुजींचा व्यवसाय क्षेत्रोपाध्येपणाचा. महाराष्ट्रातून काशीला आलेल्या यजमानांचं तीर्थश्राद्ध करायचं आणि त्यांची नावं नामावळीत लिहून घ्यायची, हे टोकेकरांचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. कोण आला, कुठल्या गावचा, गोत्र काय, बापाचं नाव काय, आजाचं काय, बरोबर कोण होतं आणि खाली यजमानाची स्वतःच्या हातची सही. लांबोड्या वह्या तालुक्यावार लाल कापडात बांधलेल्या. असे सत्तावीस बस्ते माजघरात भिंतीला लावून ठेवलेले. साताऱ्याकडचा एखादा माणूस येऊन आपल्या पणजोबांची सही पाहतो आणि दारात चपला काढताना जो मोठा साहेब असतो तो लहान पोर होऊन बाहेर पडतो, हे गुरुजींनी हजारदा पाहिलेलं. गुरुजींची स्मरणशक्तीही तशीच. गावाचं नाव तोंडातून निघायचा अवकाश, कुठला बस्ता, कितवी वही, पान डावं की उजवं, सगळं डोळ्यांपुढे उभं राहायचं.

एवढी स्मरणशक्ती असलेला माणूस बोक्याच्या नादी का लागला, हे कोडं ब्रह्मा घाटावर पुष्कळांना पडलं. उत्तर सोपं आहे. गुरुजींच्या स्मरणशक्तीचं कौतुक कुणी केलं नव्हतं. ती त्यांच्याकडे असायलाच हवी असं सगळे धरून चालत. बोक्याकडे ती असावी अशी मात्र कुणाचीच अपेक्षा नव्हती.

म्हणून चित्रगुप्त पहिल्यांदा बरोबर बस्त्यावर बसला तेव्हा यजमानीणबाईंनी त्याला हात जोडले. दुसऱ्यांदा बसला तेव्हा ईशानीने मोबाईलवर चित्रण केलं. ईशानी म्हणजे गुरुजींची मुलगी, विद्यापीठात शिकणारी, घरात मराठीत सुरुवात करून हिंदीत पोचणारी. "बाबा, दोन दिवसांत चाळीस हजार लोकांनी पाहिलं, देखिए तो सही!" ती म्हणाली. चाळीस हजार! टोकेकरांच्या सगळ्या पिढ्यांनी मिळून एवढे यजमान पाहिले नसतील.

त्यानंतर लोक बोक्यासाठी येऊ लागले. मागच्या गल्लीतले रत्नाकरराव, रेल्वेतून निवृत्त, यांच्याकडेही मांजर होतं आणि त्यांना हे सहन होईना.

"वेणू, बसण्यात कसली आलीय अक्कल?" ते म्हणत. "आमच्या मनीला गाड्यांचं कळतं. कामायनी लेट असली तर त्या दिवशी ती दारात येऊन बसतच नाही."

"आणि वेळेवर असली तर?"

"वेळेवर कधी असते?"

"मग रत्नाकरभावजी, तुमची मनी दारात बसते तरी कधी?" अंबिकाबाईंनी विचारलं. रत्नाकरराव चहा अर्धा टाकून गेले.

पण अंबिकाबाईंनी सोडलं नाही ते नवऱ्यालाही. एके दिवशी पोळ्या लाटता लाटता त्या सहज म्हणाल्या, "अहो, तुम्ही गाव ऐकलं की हात त्या बस्त्याकडे जातो. ठाऊक आहे ना? दोन बोटं कापडावर फिरवता. त्याच बोटांनी रोज त्याचं डोकं खाजवता. तो बोटांमागे जातो. हुशार तुम्ही आहात. तो फक्त लाडावलाय."

दुसरा कुणी नवरा हे ऐकून खूश झाला असता. गुरुजींना राग आला. चाळीस हजार माणसांपुढे खोटं पडण्यापेक्षा बोका खरा ठरवणं त्यांना सोपं वाटलं. त्या दिवसापासून यजमान आले की गुरुजी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसू लागले. आणि चित्रगुप्त तरीही बरोबर बसला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा जरा बाजूला बसला, तर तो "सरकत होता" असं ठरलं. असे दाखले जमा होत गेले.

अशात शरदिनीबाई आल्या. वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, वाईजवळच्या ओझरड्याच्या मूळच्या. यात्रा कंपनीबरोबर आलेल्या, मुक्काम अमृतराव घाटाजवळच्या धर्मशाळेत, परतीची गाडी त्याच संध्याकाळची. माजघरात बसल्या तेव्हा त्यांनी पाण्याचं भांडंही हातात घेतलं नाही.

"मी पाच वर्षांची असताना वडील गेले," त्या म्हणाल्या. "त्याआधी ते काशीला येऊन गेले होते, असं आई सांगायची. मग भाऊबंदकीत घर गेलं, फोटो गेला, कागदपत्रं गेली. मी त्यांचं अक्षर कधी पाहिलेलं नाही. गोविंद रामचंद्र कुलकर्णी, ओझरडे. आजोबांच्या पलीकडचं नाव नाही माहीत. गोत्रही नाही. सही असेल का हो?"

वाई. खिडकीकडून तिसरा बस्ता. दुसरी वही. ओझरडे, डावं पान. हे सगळं शरदिनीबाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत गुरुजींना समजलं होतं. हे पुढे त्यांनी कितीही वेळा मनात उलटसुलट केलं तरी बदलत नाही. त्यांना ठाऊक होतं.

पण ईशानीने मोबाईल उचलला होता. यात्रेतल्या चार बायका दारात दाटीने उभ्या होत्या. रत्नाकरराव खास वेळ काढून आले होते. गुरुजींनी हात मांडीवर दाबले आणि म्हणाले, "बाई, थांबा. चित्रगुप्त सांगेल."

चित्रगुप्ताने शेपूट उभारली. वाईच्या बस्त्याचा वास घेतला. पुढे गेला. खिडकीतून उन्हाचा पट्टा पाचव्या बस्त्यावर पडला होता. त्यावर तो चढला, दोनदा गोल फिरला आणि बसला. बायकांच्या तोंडून एकदम "अगबाई!" निघालं.

पाचवा बस्ता कोरेगावचा. त्या क्षणी गुरुजींनी, शास्त्र शिकलेल्या आणि नातवंडं खेळवायच्या वयाला आलेल्या माणसाने, असा विचार केला की बोक्याला आपल्यापेक्षा काही जास्त ठाऊक असेल. त्यांनी बस्ता सोडला. आणि वही चाळता चाळता खरोखरच त्यांना सापडलं: गोविंद रामचंद्र कुलकर्णी. मग नजर पानाच्या माथ्यावर गेली. तिथे गुरुजींच्या आजोबांच्या वळणदार मोडीत आणि खाली बाळबोधीत स्वच्छ लिहिलेलं होतं: मौजे शिरंबे.

कुलकर्णी गावोगाव. त्यांच्यात गोविंद घरोघर. हा कुणी भलताच.

गुरुजींनी वही शरदिनीबाईंपुढे धरली. धरताना डाव्या हाताचा अंगठा माथ्यावरच्या ओळीवर ठेवला.

शरदिनीबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सहीवर बोट ठेवलं, पण टेकवलं नाही, वरूनच फिरवलं.

"माझाच 'ग' आहे," त्या म्हणाल्या. "बघा ना. मी शाळेत फळ्यावर असाच काढायचे, खाली किंचित वळवून. मुलं हसायची. मला वाटायचं, हे माझ्यात आलं कुठून?"

दारातल्या बायका रडू लागल्या. त्यांतल्या एकीने बोक्याला वाकून नमस्कार केला. गुरुजींचा अंगठा अवघडला होता. तो त्यांनी हलवला नाही. शरदिनीबाईंनी पानाचा फोटो घेतला, त्यातही तो आला.

मग पंचगंगेवर श्राद्ध. मुलीने करावं का, असा प्रश्न गुरुजींच्या आजोबांना पडला असता. गुरुजींना तो पडत नसे, याचा त्यांना थोडा अभिमानही होता. गोत्र त्यांनी पानावरचं घेतलं, वसिष्ठ. पणजोबा पानावरचे घेतले, विठ्ठल. शरदिनीबाईंनी पाठ करणाऱ्या मुलीसारखं स्पष्ट म्हटलं, "विठ्ठल." नाव मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. थंड पाण्यात उभ्या राहून त्या परक्या घरच्या पणजोबाला पाणी देत होत्या आणि मंत्र सांगणाऱ्याला मध्येच खोकला आला. तो खोकला खरा नव्हता.

घरी आल्यावर गुरुजी जेवले नाहीत. सोवळं न बदलता माजघरात गेले, खिडकीकडून तिसरा बस्ता काढला, दुसरी वही, डावं पान. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मौजे ओझरडे, शके १८७८, माघ. गोविंद रामचंद्र सदाशिव कुलकर्णी, गोत्र काश्यप. बरोबर पत्नी. आणि पुढे, बहुतेक बापाने आग्रहाने लिहवून घेतलेलं: कन्या शरदिनी, वय वर्षे तीन.

म्हणजे बाईसुद्धा त्या वेळी इथे होत्या. याच माजघरात.

अंबिकाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पान वाचलं. त्या बोलणाऱ्या बाई, पण त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "अहो, त्यांची गाडी कितीची आहे?"

वही घराबाहेर न्यायची नाही हा टोकेकरांचा नियम. गुरुजींनी ती धोतराच्या पानात गुंडाळली, छातीशी धरली आणि घाटावरून नाव केली. नावाड्याने बोका आला नाही का म्हणून विचारलं, "का गुरुजी, बिलार ना अइलन?" गुरुजींनी त्याला नाव जरा लवकर न्यायला सांगितलं.

धर्मशाळेच्या ओट्यावर यात्रेचं सामान बांधून ठेवलेलं होतं. शरदिनीबाई पिशवीची चेन लावत होत्या. गुरुजींना पाहून त्यांचा चेहरा फुलला. "तुम्ही कशाला आलात? काही राहिलं का माझं?"

गुरुजींनी वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. या वेळी हात मागे घेतला. बोलायचं पुष्कळ ठरवलं होतं, त्यातलं निघालं एवढंच: "सकाळचं पान दुसऱ्यांचं होतं."

शरदिनीबाईंनी गाव वाचलं. शक वाचला. स्वतःचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. शेवटी सहीकडे आल्या. सही वाकडी होती. शाईचा डाग पडलेला, 'ग' सरळसोट, काठीसारखा.

"हा माझ्यासारखा नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग सकाळचे ते कोण होते?"

"शिरंब्याचे. मला ठाऊक नाहीत."

"बोका चुकला म्हणायचा."

गुरुजींना हे वाक्य म्हणजे उघडं दार वाटलं. त्यातून निसटता आलं असतं. त्यांनी मान हलवलीसुद्धा. पण बाई शिक्षिका होत्या. कॉपी पकडताना पाहतात तसं त्यांनी पाहिलं आणि मोबाईल काढला. सकाळचा फोटो मोठा केला.

"हा अंगठा बोक्याचा नाही," त्या म्हणाल्या.

अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचे कान इतके लाल होतात हे धर्मशाळेच्या रखवालदाराने पहिल्यांदाच पाहिलं.

"बाई, आत्ता चला," ते म्हणाले. "इथेच घाट आहे. अर्ध्या तासात करतो. दक्षिणा नको, काही नको."

"गाडी आहे."

"मग मी तुमच्या वतीने उद्या..."

"नको," शरदिनीबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुम्ही नको."

त्यांनी ओझरड्याच्या पानाचा फोटो काढला, वही मिटली, धोतराच्या पानात पुन्हा नीट गुंडाळली आणि दोन्ही हातांनी गुरुजींना परत दिली. तेवढ्यात रिक्षा आल्या. यात्रेतल्या त्या नमस्कारवाल्या बाईंनी जाता जाता विचारलं, "गुरुजी, चित्रगुप्त बरे आहेत ना?"

ईशानीने चित्रण काढून टाकलं, पण लोकांनी तोवर ते पुढे पाठवलेलं होतं, त्यामुळे अजून माणसं येतात आणि बोका मागतात. गुरुजी सांगतात, बोका साधा आहे. लोकांना तो त्यांचा विनय वाटतो.

पुढच्या वर्षी येईन, असं शरदिनीबाईंनी रिक्षात बसताना म्हटलं की नाही, हे गुरुजींना नक्की आठवत नाही. त्या आल्या नाहीत. ओझरड्याच्या गोविंद रामचंद्र कुलकर्ण्यांचं काशीत श्राद्ध झालेलं नाही.