कापडावरचा मामा

माझ्या पोरीला पहिला दात वरचा आला. तो मी नाही बघितला, आधी शेजारच्या काकीने बघितला. काकी मालवणची, तिला सगळं सगळ्यांच्या आधी दिसतं. पोर हसली तसा तिने बोटाने तिचा ओठ वर केला आणि म्हणाली, "अगो बाय माझे! वरचो दात? ह्यो मामाक जड हा गो."

मला एकच भाऊ. वडील गेले, मग मी सहा वर्षांची असताना आईही गेली, आणि दादानेच मला वाढवलं, तो स्वतः तेव्हा पंधरा-सोळाचा. माझी वेणीसुद्धा तोच घालायचा, वाकडी घालायचा पण रोज घालायचा. गिरगावात एका छापखान्यात तो खिळे जुळवायला होता. मोडके खिळे खिशातून घरी आणायचा आणि जमिनीवर मांडून मला अक्षरं शिकवायचा, मराठी सगळी आणि इंग्रजी थोडी. म्हणून चौथीत शाळा सुटली तरी मला वाचता येतं, जुळवून जुळवून.

आणि त्या दिवसांत दादा रोज मोर्चात. मुंबई आपल्याला मिळालीच पाहिजे म्हणून सगळी माणसं रस्त्यावर, लाठ्या चाललेल्या, गोळ्या चाललेल्या. आमच्या काळाचौकीत कोणाचा माणूस उशिरा आला की अख्खा मजला गॅलरीत उभा राहायचा. त्यात काकी म्हणते, मामाला जड.

आणि त्यात ते कापड.

आमचे हे लालबागला एका गिरणीत छपाईखात्यात रंग कालवायला. उरलेसुरले तुकडे कामगारांना वजनावर मिळायचे, फेंट म्हणायचे त्याला. तसला एक तुकडा ह्यांनी माझ्या बाळंतपणाआधी आणला होता. पिवळाधमक, चारी बाजूंनी काळा काठ, मध्ये मोठ्या मोठ्या कुयऱ्या आणि खाली इंग्रजी अक्षरांची एक ओळ. हे म्हणाले, आफ्रिकेला जायचा माल आहे, तिकडच्या बायका एक कमरेला गुंडाळतात, एक खांद्यावर घेतात. मी त्याचं पोरीला दुपटं शिवलं. ओळीकडे लक्ष दिलं नाही. म्हटलं असेल गिरणीचं नाव.

पण काकी गेली, मी दुपट्याची घडी घालायला घेतली आणि माझी नजर त्या ओळीवर गेली. एम. ए. एम. ए. मी बोट ठेवून तीनदा जुळवलं. मामा.

हे पाळीवरून आले तशी मी दारातच धरलं. "अहो, ह्याच्यावर मामा लिहिलंय!"

"मग मामालाच विचार."

"हसता काय? पोरीला वरचा दात आलाय!"

"अगं, हजारो वार निघतं ते कापड. एव्हाना मुंबईत एक मामा उरला नसता." मग पाय धुताधुता म्हणाले, "तशीही ती ओळ जाणारच आहे. नवा दलाल आलाय, तो म्हणतो अक्षर काढा, मग तेच कापड एडनला खपेल, बसऱ्याला खपेल, कुठेही खपेल. अक्षर असलं की एकाच मुलखात अडकतं. ह्या आठवड्यात छपाईच्या रोलवरून ती घासून टाकतील."

मला तर बरंच वाटलं. म्हटलं घासा एकदाची.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी ह्यांच्या दाढीचं पातं घेतलं आणि ती ओळ दुपट्यावरून कापून काढली. चुलीत घालवेना. मामा लिहिलेलं कसं जाळू? म्हटलं समुद्रावरून जाणारा माल आहे, समुद्रातच जाऊ दे, आणि जाता जाता दादाला डोळ्यांनी बघून घेऊ. पट्टी कमरेला खोचली, पोरीला खांद्यावर टाकलं आणि लालबागला ट्राम धरली.

फणसवाडीत दादाच्या खोलीला कुलूप. खालच्या आजी म्हणाल्या, "तीन दिवस झाले गं, आला नाही. कोण म्हणतं पकडलं, कोण म्हणतं दवाखान्यात आहे." पुढचं मी ऐकलंच नाही. पोर रडत होती, मी रडत होते, आणि चौपाटीकडे पळत सुटले, आधी ते कापड टाकायचं, आधी ते टाकायचं. वाट खोताच्या वाडीतून काढली.

तिथे आमच्या शिवणाच्या बाई राहतात, ख्रिस्ती आहेत. लग्नाआधी सहा महिने मी त्यांच्याकडे शिवण शिकले. त्या व्हरांड्यात बसलेल्या. "अगो, तू? अशी धावते कुठे? पोरीला ऊन लागेल ना!" म्हणाल्या आणि माझा बांधच फुटला. दात, दादा, कुलूप, सगळं एका दमात सांगितलं आणि पट्टी त्यांच्या हातात दिली.

बाईंनी चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं. "इंग्लिश नाय हे. पोर्तुगीज पण नाय. अक्षरं तीच, बोली दुसऱ्या कोणाची." आणि आत हाक मारली, "पप्पा, जरा येता काय बाहेर?"

पप्पा म्हणजे त्यांचे सासरे, म्हातारे, आफ्रिकेच्या बोटीवर आचारी होते. त्यांनी पट्टी उन्हात धरली आणि मोठ्याने वाचली. मला एक शब्द कळला नाही, पण ऐकायला गोड, पाळण्याला झोका दिल्यासारखं. वाचून झाल्यावर ते हसायलाच लागले, खोकला येईपर्यंत.

"मामा नाय गो बाय. तिथे मामा म्हंजे आई."

"आई?"

"आई. हे लिवलंय, आईची सावली पोराला सोडत नाय. असंच कायतरी, माझी ती भाषा भटारखान्यापुरती."

मी पायरीवर बसले. पोरीला पदराखाली घेतलं. म्हातारबाबा सांगत होते, तिथल्या बायका दुकानात आधी ओळ वाचून घेतात, मग रंग बघतात. नवऱ्यावर राग आला की रागाची ओळ नेसून त्याच्यासमोरून दोन फेऱ्या मारायच्या. सवतीसाठी वेगळी, लेकीच्या लग्नात वेगळी. तोंड उघडायलाच नको.

"इथे मिळत नाय ते बरं," बाई म्हणाल्या. "पप्पांसाठी मीच चार घेतली असती."

मी म्हटलं, "पण बाबा, आता ती ओळ काढून टाकतायत. सगळीकडे एकच कापड खपावं म्हणून."

म्हातारबाबांचं हसू गेलं. "काढून टाकतात? मग उरलं काय? टेबलक्लॉथ."

मी चौपाटीला गेलेच नाही. घरी येऊन ओळ पुन्हा दुपट्याला शिवली. पात्याने दोन अक्षरं अर्धी कापली गेली होती, ती जुळेनात, ओळ वाकडीच बसली. शिवताना सारखं मनात येत होतं, तिकडे कुठेतरी माझ्यासारखीच कोणीतरी, पाठीवर पोर बांधलेली, नवं कापड उलगडेल आणि खाली ओळ शोधेल.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "अहो, ती ओळ घासू नका."

"मी कोण? मी रंग कालवतो."

"तरी सांगा ना."

ह्यांनी सांगितलं, खरंच सांगितलं. खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणाला, "बायको लई शिकलेली दिसते तुझी." शनिवारी रोल घासला. पुढचा फेंट आणला तो तसाच पिवळा, त्याच कुयऱ्या, आणि खाली ओळीच्या जागी नुसता पट्टा. काकी म्हणाली, "ह्या बरा, साफ." मला तो बघवेना. कुंकू पुसलेल्या कपाळासारखा दिसत होता.

दादाचा पत्ता नव्हता. अर्थ कळला म्हणून दात काही खाली गेला नव्हता. मी रोज पोरीला दुपट्यात घ्यायची, म्हातारबाबांची ओळ आठवेल तशी म्हणायची, निम्मी चुकीची, आणि गॅलरीत उभी राहायची.

नवव्या दिवशी जिन्यातून आवाज आला, "चहा टाक गं!" दादा. डोक्याला पट्टी, दाढी वाढलेली, अंगाला कोठडीचा वास. मी त्याला मारलंच आधी. मग पोरीला त्याच्या मांडीवर दिलं.

"हे काय वाकडं शिवलंस?" तो म्हणाला. मी सगळं सांगितलं. तो ह्यांच्याकडे वळला. "भावोजी, आम्ही इथे आपल्या बोलीसाठी डोकं फोडून घेतो, आणि तुमच्या गिरणीत दुसऱ्याची आई घासून काढतात?" हे म्हणाले, "एकदा सांगितलं. परत सांगतो."

दादाने ओळीवर बोट ठेवलं. "एम ए एम ए. तूच जुळवलंस?"

"हो. पण अर्थ चुकला ना रे."

डोक्याच्या पट्टीखालून माझ्याकडे बघत तो म्हणाला, "कुठे चुकला? वेणी कोण घालायचं तुझी?"

तेवढ्यात काकी तेलाची वाटी घेऊन आली. "मामान आधी तेलात तोंड बघूक व्हया, मगे पोराचा, तेव्हा दाताचो दोष जाता." दादा म्हणाला, "काकी, दाढी तरी करू दे, मीच घाबरेन," आणि वाकला. पोरीने पाय मारला, वाटी कलंडली, सगळं तेल दुपट्यावर.

सोडा लावला, उन्हात घातलं. डाग गेला नाही. एम आणि ए च्या बरोबर मध्ये आहे.