ओल्या वाळूची रेषा

माझा स्वभाव मूळचा संशयी. भाजीवाल्याच्या तराजूखाली हात फिरवल्याशिवाय मी वांगी घेत नसे, आणि दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून पाहायची मला लाज वाटत नसे. घरचे वैतागायचे. ऑफिसात मात्र याच गुणावर माझं नाव होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरात बसून आम्ही कोकणचा किनारा मोजत असू. विमानातून काढलेले जुने फोटो आणि उपग्रहाने टिपलेली नवी चित्रं आमच्याकडे येत. दोन्हींवरून किनाऱ्याची रेषा पातळ कागदावर उतरवायची, कागद एकावर एक ठेवायचे, की समुद्र कुठे आत घुसला आणि कुठे मागे हटला ते कळे. खाडीतली खारफुटी त्या चित्रांत लालभडक दिसे. कोणी विचारलं, की मी अगदी ऐटीत सांगे, लाल म्हणजे झाडं. खरं तर आमच्या खोलीतल्या एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. पावसाळ्यातलं कन्हान नदीचं पात्र, हेच मी पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी.

रेषा उतरवायला एक ट्रेसर होता. वय चाळिशीचं, घर विणकराचं. हातमागावर भागेना म्हणून तो रोजंदारीवर आमच्याकडे आला होता. हात असा, की श्वास रोखल्याशिवाय पेन टेकवायचा नाही. साहेबांनी त्याला चैत्रात कायम करायचा शब्द दिला होता. "कायम झालो का माग विकून टाकतो, बाई," तो मला म्हणाला होता. "अर्धी खोली त्यानंच खाल्ली. पोरीले अभ्यासाले जागा होईन."

एके दिवशी त्याचा कागद तपासताना माझं बोट थांबलं. नव्या चित्रात पाण्याची कड स्वच्छ दिसत होती आणि याची रेषा तिच्यापासून बरीच आत, जमिनीकडे, वाळूतून गेलेली. जुन्या रेषेशी ताडून पाहिलं तर समुद्राने किनारा खाल्लाय असंच वाटावं.

"पाणी इथं आहे. तुम्ही रेषा तिथं काहून मारली?"

"वाळू पाहा न, बाई. इकडची पांढरी हाय, तिकडची काळपट. काळपट म्हणजे ओली. आम्ही गल्लीत ताण्याले खळ लावतो तेव्हा ओलं सूत असंच काळं दिसते. ओलं हाय ते पाण्याचंच."

"समुद्र म्हणजे का तुमचा ताणा आहे? पाणी दिसते तिथंच रेषा मारायची."

त्याने मान डोलावली. पुढच्या कागदावर रेषा पुन्हा आतच. माझं डोकं फिरलं.

त्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर तो मला एका सफारीतल्या माणसासोबत दिसला. माणूस अंगठ्याबिंगठ्या घातलेला, हातात कागद. दुसऱ्या दिवशीही तोच माणूस. मी दिसले तसा ट्रेसरने कागद घडी करून खिशात घातला. झालं, माझं गणित जुळलं. समुद्र जिथे जमीन खातो तिथे दगडी बंधारा मंजूर होतो, आणि बंधारा म्हटला की ठेकेदार आला. याला कोणीतरी फोडलाय, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं. त्याला मात्र काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर तो सावध झाला असता ना!

कागद घेऊन मी सरळ साहेबांच्या खोलीत गेले. पाणी दाखवलं, रेषा दाखवली, सफारीवालाही सांगितला. साहेबही इकडचेच, समुद्र न पाहिलेले. भिंगातून बराच वेळ पाहून म्हणाले, बरोबर आहे तुमचं. सोमवारपासून ट्रेसरला येऊ नको म्हणून सांगितलं. रोजंदारीच्या माणसाला कारण द्यावं लागत नाही. सगळे कागद मी स्वतः नव्याने केले. माझ्या रेषांप्रमाणे किनारा भरून आला होता, जमीन वाढली होती. सगळे खूश झाले आणि प्रत्यक्ष पडताळणीसाठी मलाच कोकणात पाठवलं.

सकाळी माझा नकाशा आणि ताडून पाहायला ट्रेसरचा रद्द केलेला कागद घेऊन मी किनाऱ्यावर पोचले. माझी रेषा जिथे असायला हवी तिथे कमरेच्या वर पाणी. मासे वाळत घालणाऱ्या एका बाईला मी विचारलं, "पूर आलाय का?" ती इतकी हसली, की टोपली खाली ठेवावी लागली तिला. "बसा सावलीला," म्हणाली. दुपारपर्यंत पाणी लांब गेलं आणि मागे रुंद, काळपट, ओली वाळू उरली. वर पांढरी कोरडी. दोन्हींच्या सीमेवर, सकाळी पाणी पोचलं होतं तिथे, उभी राहून मी ट्रेसरचा कागद नकाशावर ठेवून पाहिला. ट्रेसरची रेषा बरोबर माझ्या पायाखाली होती. आमचं चित्र ओहोटीच्या वेळचं होतं. भरती-ओहोटी शाळेत शिकले होते मी, मार्कही मिळाले होते. पण चित्राखालची वेळ पाहून त्या वेळी पाणी कुठे असेल, हे विचारायचं आमच्यातल्या कोणालाच सुचलं नाही.

परत येऊन साहेबांना सांगितलं. रेषा त्याच्याप्रमाणे दुरुस्त झाल्या. माणूस परत घेता येईना, जागा भरली होती.

मी त्याचं घर शोधत गेले. मागाचा खड्डा बुजवून जमीन सारवलेली होती, त्यावर पोरीचं दप्तर. सफारीवाला कोण, तेही कळलं. गांधीबागेतला कापडाचा व्यापारी, त्याचा माग विकत घेणारा. टपरीवरचा कागद त्याच व्यवहाराचा. ट्रेसर आता रोज बसने कन्हानला कोळशाच्या डेपोत गाड्या भरायला जात होता. नखं काळी झाली होती. बायकोने चहा ठेवला.

"मग रेषा कुठं धरली, बाई?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"तुम्ही मारली होती तिथंच."

त्याला बरं वाटलेलं दिसलं. मग म्हणाला, "मग मले काहून कमी केलं?"

मी कपातली साय बोटाने बाजूला सारली. तोच म्हणाला, "साहेबाच्या कानात कोणीतरी भरलं असन. तुम्ही तेव्हा रजेवर असान, बाई. नाही तर बोलल्या असत्या माह्याकडून."

जगातल्या प्रत्येकावर मी संशय घेतला होता, आणि या माणसाच्या मनात माझ्याबद्दल तो आलाच नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"हो," मी म्हणाले. "रजेवर होते."