मांडीवरचा एसएमपीएस

गेल्या शनिवारी दुपारी जालन्याहून गावाकडे निघालो होतो. एसटीत पायाशी कॉम्प्युटरचं नवं कॅबिनेट, मांडीवर एसएमपीएसचं खोकं, आणि मनात सारखी धाकधूक...

आधीचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, आदल्या आठवड्यात जळाला होता. आमच्या धावड्याला लाइट कमी-जास्त झाली, फट् असा आवाज आला आणि घरभर वास सुटला. भोकरदनचा मेकॅनिक म्हणाला, गंजलेलं कॅबिनेटही बदला, बाकीचं नशिबानं वाचलं. पुन्हा असा उडाला तर बोर्ड आणि हार्डडिस्क सोबत घेऊनच जाईल.

कॉम्प्युटर माझ्या मुलीचा, सुनीताचा. ती दोन वर्षांपासून माहेरी आहे. का, ते इथे लिहीत नाही... पहिले सहा महिने ती कुणाशी बोलत नव्हती. मग हा जुना कॉम्प्युटर घरात आला आणि ती लग्नपत्रिका, बॅनर डिझाइन करायला शिकली. आता आजूबाजूच्या गावांतून तिला फोन येतात. तिचं सगळं काम त्या एका डिस्कमध्ये आहे.

मी जालन्यात असतो, सुट्टीला घरी जातो. शनिवारी सकाळीच तिचा फोन आला होता. "अप्पा, कॅबिनेट कसलंबी आणा, पण एसएमपीएस चांगला पाहा. काम गेलं तर म्या पुन्हा कुठून सुरू करू?"

दुकान रफीकभाईंचं, ओळखीचं. एक स्वस्त कॅबिनेट होतं, त्याच्यासोबत एसएमपीएसही वेगळ्या खोक्यात मिळत होता. रफीकभाईंनी आधीच सांगितलं, "भाऊ, सिर्फ कॅबिनेट घेऊन एसएमपीएस अलग घ्या. साथमें आनेवाले की गॅरंटी मैं नै देता."

पण मी एमआयडीसीतल्या एका लोखंडाच्या रोलिंग मिलच्या वजनकाट्यावर बावीस वर्षं काम करतो. हाताला वजनाची सवय. मी दोन्ही डबे उचलून पाहिले. वेगळा मिळणारा हलका लागला, सोबतचा चांगला जड. म्हटलं, "हा बराबर भरलेला आहे. हाच द्या."

"आप काटेवाले, आपके आगे हम क्या बोलें," ते हसले आणि बांधून दिलं.

एसटी निघाली. थोड्या वेळानं लक्षात आलं, मांडीवरचं खोकं सारखं डाव्या गुडघ्याकडे कलंडतंय. मी ते फिरवून ठेवलं, तर उजवीकडे कलंडायला लागलं. उघडून पाहिलं... तारांचा जुडगा तर दुसऱ्याच बाजूला होता. म्हणजे वजन तारांचं नव्हतं, डब्याच्या आतच एका कोपऱ्यात होतं.

आमच्या काट्यावर भंगाराच्या गाड्या येतात. काही जण भंगाराखाली एका बाजूला दगड-माती भरून आणतात, वजन वाढावं म्हणून. अशी गाडी काट्यावर चढतानाच एका अंगाला झुकते. अशा कितीतरी गाड्या मी परत पाठवल्यात. आणि आज तसाच माल मीच मांडीवर घेऊन पोरीकडे निघालो होतो...

तरी मन मानेना. वाटलं, आपला भ्रम असेल. जळाला तर जळाला, असं कसं म्हणू पण? राजूर आलं. गणपतीच्या कळसाकडे बघून हात जोडले आणि कॅबिनेट घेऊन उठलो.

कंडक्टर म्हणाला, "मामा, तिकीट भोकरदनचं हाये ना? का दर्शनाला कॉम्प्युटर घेऊन चालले?" सगळी गाडी हसली. मला हसू आलं नाही.

परतीच्या गाडीत एकच भीती होती, रफीकभाई डबा उघडतील का? आणि आत काहीच निघालं नाही तर?

दुकानात पोचलो तर ते म्हणालेच, "भाऊ, सील टूटा तो वापस नै होता. कंपनी लेतीच नै."

"काही निघालं न्हाई तर नुकसान माझं. उघडा."

चार स्क्रू निघाले. आत तळहाताएवढा बोर्ड, दोन-चार बारीक भाग... आणि कोपऱ्यात घट्ट बसवलेली लोखंडाची जाड पट्टी. कशालाही न जोडलेली. नुसती वजनाला.

रफीकभाईंनी पट्टीवर स्क्रू-ड्रायव्हर वाजवून पाहिला. मग म्हणाले, "काटेवाले, ये तो आपकेच मिल का माल निकला!" आम्ही दोघंही हसलो. पण त्यांचं हसू लगेच विरलं. कालच मंठ्याच्या एका मास्तरांना त्यांनी हेच कॅबिनेट दिलं होतं. माझ्यासमोरच फोन लावला. "मास्तर, लावला काय? नै ना? बिलकुल चालू करू नका. वापस घेऊन या, मी बदलून देतो." फोन ठेवून त्यांनी मोठा श्वास सोडला. मग तो वेगळा, हलका एसएमपीएस माझ्या हातात ठेवला. सील तुटल्याचं नुकसान मात्र माझ्याकडून घेतलं नाही.

रविवारी सकाळी सुनीतानं स्वतःच सगळं बसवलं. ती बटण दाबणार तेव्हा मी देवापुढे जाऊन उभा राहिलो, मला बघवेना. पंख्याचा आवाज आला. मग तिची हाक आली, "अप्पा, या. समदं हाये." स्क्रीनवर तिच्या पत्रिका एकेक करून उघडत होत्या.

ती पट्टी मी रफीकभाईंकडून मागून आणली होती. आता ती काट्यावरच्या माझ्या टेबलावर असते, कागद उडू नयेत म्हणून. कामाला बसताना तिला हात लागला की त्या एसटीत ज्यानं खोकं कलंडवून मला जागं केलं, त्याला मनातल्या मनात नमस्कार करतो.

पोरीनं चांगला पाहा म्हणून सांगितलं होतं... मी फक्त जड पाहिला होता.