मी बांधलेलं मैदान

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाप्पा, मधात हसाल तर माझ्यानं पुढचं सांगणं होणार नाही. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. मी आधी भाषण केलं, टाळ्या घेतल्या आणि मग पाडून घेतला.

चांद्याला कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. चांदा म्हणजे आताचं चंद्रपूर. मी हुतूतूचा कॅप्टन. त्या साली फ्लूची साथ आली आणि आमच्या झाडीतल्या गावांनाही तिनं सोडलं नाही. वर्गात अर्धी बाकं रिकामी. वार्षिक खेळ भरवायचे की नाही, यावर प्राचार्यांनी मुलांची सभा बोलावली.

तुम्ही म्हणाल, खेळ नाही झाले तर काय बिघडलं? माझं सगळंच बिघडत होतं! सिंदेवाहीचे एक गुरुजी दर साली आमच्याकडे पंच म्हणून यायचे. मागच्या साली सोबत त्यांची मुलगी आली होती, कुसुम. माझा गुडघा फुटला, तर तिनं टिंक्चरची बाटली आणून दिली आणि म्हणाली, "पुढच्या साली बी खेळजा."

बस, एवढंच. त्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं. सिंदेवाहीकडून छोट्या लाइनची गाडी यायची वेळ झाली की उगाच स्टेशनावर जाऊन उभा राहायचो. फार आठवण यायची हो. जात एक, घरचं बरं, अडचण काही नव्हती. फक्त गुरुजींशी बोलायचं होतं, तेही लवकर, कारण तिला स्थळं पाहणं सुरू झालं होतं. उठून त्यांच्या घरी जायची हिंमत नव्हती. मैदानावर मात्र मी वाघ.

सभेत विरोधाला उभा राहिला मडावी. कुरखेड्याकडच्या जंगलातल्या गावचा, माझाच दोस्त. म्हणाला, "माझ्या गावात घरोघरी मानसं तापानं पडून राह्यली. एक साल खेळ नाई झाले त कोनाचं काई जात नाई."

सभा त्याच्याकडे झुकली. मग मी उठलो.

"काऊन भेता? गावात साथ आली त आपन काय करतो? गावबांधनी करतो. शिवेवर दोरी, दोरीले पाल्याचं तोरन. पूजा आटपेस्तोवर बाहेरचा आत नाई, आतला बाहेर नाई. तसंच मैदान बांधून टाका ना!"

काय टाळ्या पडल्या! प्राचार्य पुण्याचे. ते म्हणाले, "अरे वा, हा तर क्वारंटाइनच झाला. उत्तम कल्पना."

मडावी शांतपणे म्हणाला, "बांधनी कराची त पुरी करा. बाहेरचा म्हनजे बाहेरचा, मंग तो पंच असो का पाव्हना."

"मंजूर!" मी छाती ठोकून म्हणालो.

खानावळीत जेवायला बसलो आणि घास तोंडाशी नेता नेता थांबला. पंच बाहेर, म्हणजे गुरुजी बाहेर. आणि गुरुजी बाहेर तर कुसुम कुठी येते आत? आता माघार कशी घेणार? कारण काय सांगणार? शिवाय दोरीवर नजर ठेवायचं काम प्राचार्यांनी मलाच दिलं. गुरुजींना येऊ नका म्हणून कुणी कळवलंच असेल, अशी मी मनाची समजूत घातली. कळवायचं काम कॅप्टनचं असतं, हे काही आठवलं नाही.

खेळाच्या दिवशी गुरुजी आलेच. मागं हिरव्या पातळातली कुसुम. गुरुजी तोरणाखालून आत शिरणार, तेवढ्यात मी आडवा झालो. काय करता, सगळी टीम पाहत होती.

"आत येता येत नाई गुरुजी. मैदान बांधलं हाय."

"असं कोनं ठरवलं जी?"

मागून मडावी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "यायनंच."

गुरुजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कुसुम हळूच म्हणाली, "गुडघा बरा झाला?"

"हो," मी म्हणालो.

वर्षभर जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं त्या 'हो'तच राहिलं. एक पाऊल बाहेर टाकलं असतं तर बांधनी मोडली असती. ती दोघं झाडाखाली थोडा वेळ थांबली, मग गाडीची वेळ झाली. सामना आम्ही जिंकलो म्हणतात. मी रस्त्याकडेच पाहत होतो.

दोन दिवसांनी फ्लूनं मलाच गाठलं. तापातून उठलो आणि म्हटलं, आता काही होवो, सिंदेवाहीला जायचंच. तर गुरुजीच खोलीवर हजर!

"त्या दिवशी तू पंचाले बी सोडलं नाई. असाच नेमाचा मानूस मले पायजे होता."

"मी तयार आहे गुरुजी," म्हणत मी त्यांच्या पाया पडलो.

"मंग ठरलं. कुसुमचं लगन हाय, पोंभुर्ण्याचं स्थळ. साथ अजून गेली नाई. तू मांडवाच्या दारात उभा राय. खोकनारा मानूस आत सोडाचा नाई."

राहिलो उभा. तिच्या सख्ख्या मामाला खोकल्यावरून परत पाठवला. मग नवरदेव आला. एखाद्याच्या खोकल्याची इतक्या आशेनं वाट मी जन्मात पाहिली नाही. पण पठ्ठ्या साधा खाकरलासुद्धा नाही. शेवटी "या जी" म्हणून मीच त्याला आत घेतलं.