ऊ सान यांचं प्रोव्होस्ट: कॉव्हेंट्री ते लीड्स, व्हाया नेवार्क

"अहो, आपण सहलीला चाललोय की सांत्वनाला, ते एकदा ठरवा. त्याप्रमाणे डबा करते," सुमन म्हणाली. खरं तर दोन्ही नव्हतं. आम्ही एक बातमी आणायला चाललो होतो. शेवटी तिनं धपाटे केले, ठेचा केला, दह्याचा डबा भरला. धपाटे दोन्हीला चालतात.

ऊ सान आमच्या कॉव्हेंट्रीत पलीकडच्या गल्लीत लेकीकडे राहतात. मूळचे ब्रह्मदेशचे. आपण काका म्हणतो तसं त्यांच्यात वडीलधाऱ्या पुरुषाला 'ऊ' म्हणतात. ते मला 'अको' म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ, कारण मी त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी म्हातारा. त्यांची धाकटी बहीण खिन तिकडे गावीच राहिली. मध्य ब्रह्मदेशात, तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या मुलखात. बारा दिवसांपूर्वी लष्करी सरकारची विमानं त्या गावावर बॉम्ब टाकून गेली, आणि तेव्हापासून गावातला एकही फोन लागत नव्हता. खिन आहे की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं.

लीड्समध्ये थिरी नावाची एक बाई आहे. तिकडची माणसं सिग्नल मिळेल अशा टेकडीपर्यंत चालत येतात आणि तिला गावोगावचे निरोप पाठवतात. ती फोनवर अनोळखी माणसाला काही सांगत नाही. पलीकडे कोण आहे याचा भरवसा काय? "रविवारी विहारात या, समोर बसून बोलू," एवढंच तिनं कळवलं होतं. ऊ सानच्या लेकीची त्या वीकेंडला हॉस्पिटलात ड्युटी. मी म्हटलं, मी नेतो.

आणि नेवार्क वाटेतच होतं.

आता हे नेवार्कचं काय, ते सांगतो. मी मनमाडहून इथे आलो तो एकोणिसाव्या वर्षी, हातात ना डिग्री ना ओळख. कॉव्हेंट्रीत विमानाची इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात सुटे भाग पेटीत भरायचं काम मिळालं. नऊ सिलिंडरांचं, सूर्यफुलासारखं गोल इंजिन. पेटीला खिळे ठोकायचे आणि वर काळ्या रंगानं गावाचं नाव उमटवायचं. कितीतरी पेट्यांवर मी 'रंगून' उमटवलंय. आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी इथल्या विहारात चहा पिताना कळलं, की त्या पेट्या तिकडे उघडणारा माणूस माझ्या शेजारी बसलाय! ऊ सान तरुणपणी बर्मी हवाई दलात इंजिन मेकॅनिक होते. प्रोव्होस्ट नावाचं ब्रिटिश विमान होतं, त्याच इंजिनाचं, पायलट आणि शिकाऊ शेजारी शेजारी बसायचं.

त्या दिवसापासून आमचं मेतकूट जमलं. मी वही घातली. त्यांच्या हवाई दलाकडे आधी आलेली स्पिटफायर, मग सी फ्युरी, प्रोव्होस्ट, व्हँपायर, सगळी इथली. नंतर इटालियन आणि स्विस शिकाऊ विमानं. त्यापुढे चिनी आणि रशियन जेट, रशियन हेलिकॉप्टरं. चिनी विमानांपासून पुढे ऊ सान काही सांगायचे नाहीत. "ती माझी नव्हेत, अको," म्हणायचे. मी ती पानं इंटरनेटवर बघून भरली.

नेवार्कजवळ जुन्या धावपट्टीवर विमानांचं म्युझियम आहे आणि तिथे एक प्रोव्होस्ट उभं आहे. पाच वर्षं म्हणत होतो जाऊ जाऊ. ऊ सानना विचारलं, या अशा वेळी नको ना? ते म्हणाले, "रविवारपर्यंत बसायचंच आहे. मग त्याच्याजवळ बसेन."

शनिवार

कॉव्हेंट्रीहून एम ६९ नं लेस्टर आणि पुढे ए ४६. दीड तास धरा, रोडवर्क्स असतील तर दोन. पेट्रोल घरूनच भरून घ्या. वाटेत कॉफीला चार पौंड मागतात, म्हणून सुमनचा थर्मास झिंदाबाद. ऊ सान पुढच्या सीटवर दोन्ही तळव्यांत फोन धरून बसले होते, थंडीत गरम पेला धरतात तसा. आम्हा तिघांचं इंग्रजी तीन तऱ्हांचं, पण गाडी चालते.

"ऊ सान, धपाटा घ्या," सुमन मागून म्हणाली.

"भूक नाही, सिस्टर."

"भुकेसाठी नाही. हाताला काम म्हणून घ्या."

त्यांनी घेतला. नेवार्क येईपर्यंत कोरून कोरून खाल्ला.

म्युझियमचं पार्किंग फुकट, ज्येष्ठांना तिकिटात सूट. हँगर आतून गारठवून टाकतो, जुलैतही स्वेटर न्या. प्रोव्होस्ट आत मागच्या बाजूला आहे. फोटोत दिसतं त्यापेक्षा लहान आणि बुटबैंगण, पाय पसरून उभं. मी आपला घाईघाईनं माहितीचा बोर्ड वाचत होतो. ऊ सान त्याच्याभोवती एकदा फिरले, पुन्हा फिरले. मग तिथल्या स्वयंसेवकाला विचारून इंजिनाच्या टोपणावर तळवा ठेवला. डॉक्टर पोट तपासतो तसा, बोटं जरा दाबून.

"थंड आहे," ते म्हणाले. जणू गरम असायला हवं होतं.

मग बोलायला लागले. त्या बारा दिवसांत इतकं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. हे इंजिन काडतुसानं सुरू व्हायचं, बंदुकीसारखा बार निघायचा आणि आसपासचे सगळे कावळे उडायचे. आणि त्यांच्या तळावर एक रिवाज होता: ज्यानं इंजिन उघडलं, त्यानं पहिल्या उड्डाणाला पायलटशेजारी बसायचं. आपलं काम कच्चं असेल तर आपण आधी खाली.

"घाबरायचात?" सुमननं विचारलं.

"प्रत्येक वेळी. म्हणून नट नीट आवळायचो."

मी हसलो. ते वाकून पंखाखाली गेले आणि एका जागी बोट टेकवून थांबले. "आमच्या विमानांना इथे हूक होते."

"कशाला?"

"बॉम्बला, अको."

मी म्हटलं, "जरा इकडे बघा, फोटो काढतो." आज लिहिताना स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते. माणूस काय सांगत होता आणि मी उजेड कुठून येतोय ते बघत होतो.

फोटो मात्र सुरेख आला.

रविवार

रात्री ए १ च्या कडेच्या एका साध्या लॉजमध्ये राहिलो. खोल्या स्वच्छ, नाश्ता वेगळा घ्यावा लागतो, घेऊ नका. तिथून लीड्स सव्वा तास. विहार म्हणजे गल्लीतलं एक दुमजली घर, बाहेर पाटी नाही, चपलांचा ढीग हीच खूण. जाणार असाल तर अकराच्या आत पोचा, भिक्खूंचं जेवण बाराच्या आत आटपतं. मग इतरांना वाढतात. मोहिंगा, म्हणजे माशाच्या रश्शातल्या शेवया, आणि चहाच्या आंबवलेल्या पानांची कोशिंबीर. दोन्ही झकास.

त्रिसरण-पंचशील झालं. सूर वेगळा, शब्द तेच, त्यामुळे सुमनला घरच्यासारखं वाटलं. जेवायला चटईवर बसलो. थिरी वाढत होती. चाळिशीची, बारीक, चष्म्याची काडी चिकटपट्टीनं जोडलेली. आमच्यासमोर येऊन बसली तशी मी ओळख करून द्यायला सरसावलो.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या माणसांत ओळख करून देताना नोकरी आधी सांगतात. हे आमचे अमुक, रेल्वेत फोरमन होते. हे तमुक, बँकेत ऑफिसर. ज्यांच्या आज्या-पणज्यांना काम निवडायची मुभाच नव्हती, त्यांच्यासाठी हुद्दा म्हणजे नुसता पगार नव्हे, ताठ झालेला कणा असतो. मी ऊ सानना तोच मान द्यायला गेलो.

"हे ऊ सान," मी म्हणालो, आणि माझा आवाज मोठाच आहे. "बर्मी एअर फोर्समध्ये इंजिन मेकॅनिक होते! हे बघा, कालच त्यांच्या विमानाजवळ फोटो काढलाय." आणि फोन फिरवला.

फोन तीन-चार हातांतून थिरीकडे गेला. तिनं बघितलं आणि चटईवर पालथा ठेवला. पलीकडचा एक गृहस्थ ताट उचलून दुसऱ्या खोलीत गेला.

"एअर फोर्स?" थिरीनं ऊ सानना विचारलं. इंग्रजीत विचारलं, मलाही कळावं म्हणून असेल. "तुम्ही फोनवर तर गॅरेजमध्ये होतो म्हणालात ना?"

"ते नंतर," ऊ सान म्हणाले.

"मी शिक्षिका होते. आमच्या शाळेवर जे आलं ना, ते दिसायच्या आधी वर्गात ऐकू आलं. मुलं म्हणाली, टीचर, विमान!" ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

मला तेव्हा उमगलं. वीस वर्षं या माणसानं आपल्या देशबांधवांत ही नोकरी तोंडातून काढली नव्हती. मला सांगितली ती केवळ त्या पेट्यांमुळे. आणि आता ज्या बाईच्या हातात खिनची बातमी होती, तिच्या तोंडाला मी कुलूप लावलं होतं.

"तुमच्या जिभेला हाड नाही," सुमन मराठीत पुटपुटली.

"मान दिला गं मी."

"मान द्यायच्या आधी घेणाऱ्याला विचारावं." आणि ती स्वतः आत जाऊन थिरीशेजारी भांडी विसळायला लागली.

थोड्या वेळानं ऊ सान उठले. त्यांचे गुडघे कामातून गेलेत, भिंतीला धरत धरत गेले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जमिनीवर बसले. बर्मी भाषेत बोलू लागले, हळू, जमिनीकडे बघत. दहा मिनिटं तरी बोलले असतील. मला अक्षर कळत नव्हतं. थिरीची पाठ दिसत होती. मग तिनं नळ बंद केला, हात पुसले आणि येऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. फोन काढून वाचून दाखवलं. चार-पाच ओळी असतील.

ऊ सान यांची मान खाली गेली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. तिनं एका शब्दात उत्तर दिलं. सुमननं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा मला कळलं.

परतताना एम १ नं आलो. ए १ पेक्षा गर्दी जास्त, पण कॉव्हेंट्रीला सरळ पडतं. शेफील्ड मागे गेल्यावर ऊ सान आपणहून बोलले. खिन पहिल्याच दिवशी गेली होती. थिरीला गुरुवारीच कळलं होतं, समोरासमोर सांगायचं म्हणून तिनं बोलावलं.

"तुम्ही काय विचारलंत तिला?" सुमन म्हणाली.

"एकटी होती का."

"आणि?"

"नाही."

मग मी माफी मागितली. गाडी चालवत, रस्त्याकडे बघत, जमेल तशी.

"अको, मी तिथे गॅरेजवाला म्हणून बसलो असतो आणि तिनं मला बातमी दिली असती. खिनची बातमी मी खोटं बोलून घेतली असती. ते तुम्ही होऊ दिलं नाही." मग म्हणाले, "मी तिला सांगितलं की हूकला बॉम्ब मी लावायचो. एकदा इंजिन उघडल्यावर रिवाजाप्रमाणे बसलो होतो. आदल्या आठवड्यात आमची विमानं जिथे जाऊन आली होती, त्या गावावरूनच आम्ही वळलो. खाली खळं जळल्यासारखं काळं. माणसं दिसली नाहीत. मला बरं वाटलं, माणसं दिसली नाहीत म्हणून. हेही सांगितलं."

घरी

त्यांच्यात माणूस गेल्यावर सातव्या दिवशी दान देतात. खिनचा सातवा दिवस कधीच उलटला होता, म्हणून बातमी कळल्यापासून सात मोजले. लेकीच्या घरी भिक्खू आले, आम्ही दोघं गेलो. लीड्सहून कुणी आलं नाही. थिरीनं खिनच्या गावातल्या गेलेल्या सगळ्यांची यादी पाठवली होती, ती भिक्खूंनी वाचली.

प्रवासाचं म्हणाल तर दोन दिवस, तीन माणसं, पेट्रोल-लॉज-तिकिटं धरून दीडशे पौंडांच्या आत बसतं. विमानांची आवड असेल तर नेवार्क चुकवू नका. मला मात्र आता वहीतली यादी पूर्वीसारखी वाचता येत नाही. जुनी आमची, नवी त्यांची, अशी मी मधे रेघ मारली होती. रेघ मारणं सोपं होतं. त्या पेट्यांत मी पिस्टनच्या कड्या भरल्या, झडपा भरल्या, आणि त्यावर उडालेलं विमान कुठे जाऊन आलं हे पन्नास वर्षांत एकदाही विचारलं नाही.

शेवटी पाणी सोडायचा विधी असतो. आपल्या हातून झालेलं पुण्य गेलेल्याला पोचावं म्हणून भांड्यातून वाटीत बारीक धार धरायची आणि नाव घ्यायचं. ऊ सान यांनी धार धरली. खिनचं नाव घेतलं, आईबापांचं घेतलं. भिक्खूंचं म्हणणं संपलं तरी त्यांची धार चालूच होती आणि ओठ हलत होते.

मी वाकून हळूच विचारलं, "आता कुणासाठी?"

"त्यांची नावं मला माहीत नाहीत, अको."

भांडं रिकामं झालं. त्यांनी ते सुमनपुढे केलं. "सिस्टर, अजून थोडं पाणी."

सुमन उठली आणि काठोकाठ भरून घेऊन आली.