मालनच्या पोरीची पोटगी

मित्र म्हणतात, कोर्टात जन्म घालवलास, एखाद्या खुनाचा किस्सा सांग. अहो, खुनाच्या फाइलीत किस्सा एकच असतो. पोटगीची फाइल मात्र दर तारखेला नवा देते, आणि त्यातला एकही धड हसण्यासारखा नसतो.

कोल्हापूरच्या कोर्टात मी क्लार्क होतो. एकोणीसशे सत्तरच्या आसपास मालनची केस माझ्या टेबलावर आली. मालन मंगळवार पेठेत भाजी विकायची. नवरा दत्तू दुसरा घरोबा करून कबनूरला कापडाच्या मागावर कामाला गेला होता. पोटगी मागितली होती ती एकट्या पोरीची, सुनंदाची. ती तेव्हा सहा-सात वर्षांची होती.

पहिल्याच तारखेला दत्तूनं पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं, "ही पोरगी माझी न्हाय. म्या तिला वळखत बी न्हाय."

पोरगी कंटाळून मागच्या बाकड्यावर चढली होती. दत्तूचं तिकडं लक्ष गेलं.

"सुनंदे, खाली उतर. पडशील की!"

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तिथंच पोटगी मंजूर केली.

मंजूर झाली म्हणजे मिळाली असं थोडंच असतं? चार महिने काही आलं नाही, तेव्हा वॉरंट निघालं. हवालदार दत्तूला ओळखत नव्हता, म्हणून ओळख पटवायला मालनच बरोबर गेली. हवालदाराचं एस.टी.चं तिकीटसुद्धा तिनंच काढलं. ही आमच्याकडची रीतच होती, मेली.

कारखान्याच्या दारात दत्तू स्वतःच भेटला. म्हणाला, "दत्तू व्हय? त्यो कालच गावाला गेला."

"ह्योच की त्यो," मालन म्हणाली.

मालकानं हवालदाराला आत नेऊन चहा पाजला. संध्याकाळी वॉरंट माझ्याकडं परत आलं. त्यावर शेरा होता, 'इसम मिळून आला नाही.'

तिसऱ्या वॉरंटाला मिळून आला. महिनाभर कळंब्याच्या जेलात बसला. सुटल्यावर सरळ माझ्या टेबलाशी आला.

"भाऊसाहेब, फिटलं की न्हाय समदं?"

"जेलमध्ये बसून पोटगी फिटत नसते, दत्तू. बाकी आहे तशीच आहे."

"मग मला बसवलं कशाला?"

त्या महिन्यात त्याचा पगार बुडाला आणि मालनला एक पैसाही मिळाला नाही.

ती दर सोमवारी विचारायला यायची. मी मान वर न करता म्हणायचो, "पुढच्या तारखेला या." पुढं पुढं तर रजिस्टरही उघडत नव्हतो. लाज वाटते सांगायला.

एकदा बायकोनं मेथी आणायला पाठवलं. गेलो तर पाटीमागं मालन. मी विचारलं, "मेथी कशी दिली?"

"पुढच्या तारखंला या, भाऊसाहेब," ती म्हणाली.

मी तसाच घरी आलो. त्या दिवशी आमच्याकडं पिठलं झालं.

अशी अकरा-बारा वर्षं गेली. जेलच्या भीतीनं दत्तू अधूनमधून भरायचा. मग एके दिवशी त्याचा अर्ज आला. शाळेच्या दाखल्यावर मुलीला एक जूनला अठरा पूर्ण झालीत, सबब पोटगी बंद व्हावी.

मालनचं म्हणणं, पोरगी सतराचीच आहे, शाळेत वय वाढवून घातलंय. पण जन्म घरात झालेला, नोंद कुठंच नाही. इकडं सुनंदाचा डी.एड.ला नंबर लागला होता. ही एका वर्षाची पोटगी गेली तर तिला भाजीच्या पाटीवरच बसावं लागणार, हे कोर्टात सगळ्यांना ठाऊक होतं.

मॅजिस्ट्रेटसाहेब नवे होते, भले होते. त्यांनी सुनंदालाच पुढं बोलावलं. "शाळेत नाव कुणी घातलं, आठवतं का तुला?"

"आठवतं. मी शाळेत जायचं म्हणून रडत होते. सहा पुरी झाल्याशिवाय मास्तर घेत नव्हते. बाबांनी मला खांद्यावर बसवून नेलं. वाटेत पढवलं, कुणी बी इचारलं तर सहा सांगायचं."

दत्तू कोपऱ्यात उभा होता. टोपी तोंडाला लावून तो रडायला लागला.

साहेब हळूच म्हणाले, "मग आज तुझं खरं वय किती, बाळ?"

मी लिहायला पेन उचललं. मालननं बाकडं घट्ट धरलं होतं. सुनंदानं एकवार बापाकडं पाहिलं.

"अठरा पुरी," ती म्हणाली.

साहेबांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं.