सासूबाईंसाठी टिपलेलं फूल

आमचे भावजी लग्नाचं शूटिंग करतात. नवरा-नवरीला सारखं "हलू नका, हलू नका" सांगून तेच त्यांचं टोपणनाव पडलंय.

सासूबाईंनी पानाच्या तुकड्यापासून एक निवडुंग वाढवलाय. त्याचं फूल रात्रीच उमलतं आणि सकाळी मान टाकतं. गोळीमुळे सासूबाई लवकर झोपतात, म्हणून त्यांनी ते उमलताना कधी पाहिलंच नव्हतं. यंदा दोनच कळ्या आल्या. "आई, या वेळी तुला दाखवतोच," भावजी म्हणाले.

पहिल्या कळीसमोर कॅमेरा लावून ते निर्धास्त झोपले. फूल उमलता उमलता वर उचललं जाऊन कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेलं आणि सकाळी टीव्हीवर नुसता देठ दिसला.

"नवरी पळाली की रे तुझी!" सासूबाई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "असू दे. माझ्या नशिबात नसेल."

ते भावजींना लागलं. मी देवाजवळ दिवा लावून उरलेल्या कळीसाठी साकडं घातलं.

दुसऱ्या कळीच्या रात्री भावजी स्टुलावर बसूनच राहिले. फूल जरा सरकलं की कॅमेराही केसभर सरकवायचे. चहा नेला तर म्हणाले, "वहिनी, श्वास जरा हळू घ्या."

सकाळी सासूबाई टीव्हीसमोर बसल्या.

"आई, भराभर पळवतो, म्हणजे लवकर उमलेल."

"पळवू नकोस. मला कुठं जायचंय?"

पहिली पाकळी सुटली तेव्हा भावजी त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होते. मी उठवायला गेले, तर पडद्यावरची नजर न काढता सासूबाईंनी मला हातानेच थांबवलं.